संरचना, संहिता आणि खुलेपणा : एका विधानाची तपासणी

१

‘प्रथिनांच्या संरचनांची माहिती खुली असल्यामुळे लसी आणि विषाणुरोधक औषधे लवकर निर्माण झाली’, अशा आशयाचे विधान २०२० नंतरच्या वैज्ञानिक वाङ्मयात वारंवार आढळते. ते बहुधा कौतुकाच्या स्वरात केलेले असते, आणि कौतुकाची विधाने सहसा कोणी तपासून पाहत नाही. प्रस्तुत लेखाचा हेतू ही तपासणी करणे हा आहे. लेखकाचा विषय भाषाविज्ञान. जीवरसायनात त्याला अधिकार नाही. तथापि कोणत्याही शास्त्रातले विधान हे प्रथम भाषेतले विधान असते, आणि तेवढ्यापुरता भाषेच्या अभ्यासकाचा त्याच्याशी संबंध पोचतो.

या विधानाचा सारा भार दोन शब्दांवर आहे : ‘खुली’ हे विशेषण आणि ‘मुळे’ हे शब्दयोगी अव्यय. खुली म्हणजे कोणाला, कशासाठी आणि कोणत्या नियमाने? आणि ‘मुळे’ म्हणजे जिच्यावाचून कार्य घडलेच नसते अशी कारणता, की कार्याला केवळ हातभार लावणारी? या दोन प्रश्नांची उत्तरे न शोधता विधान स्वीकारले, तर एका संस्थेचा गौरव होईल. पण ती संस्था कशाच्या बळावर उभी राहिली हे आपणांस कळणार नाही. ते कळणे आपल्या विभागालाही अगत्याचे आहे, हे लेखाच्या अखेरीस दाखविण्याचा विचार आहे.

२

प्रथम वस्तुस्थिती पाहू. प्रथिन ही वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची शृंखला होय. शृंखलेतील क्रम कळला म्हणजे प्रथिनाची जणू अक्षरे कळतात. परंतु ही शृंखला अवकाशात विशिष्ट प्रकारे दुमडते, आणि प्रथिनाचे कार्य त्या घडीवर अवलंबून असते. घडी निश्चित करावयाची तर प्रथिनाचे स्फटिक बनवून त्यांवर क्ष-किरण सोडावे लागतात. किंवा, अलीकडे विशेष प्रचारात आलेल्या रीतीने, गोठविलेल्या रेणूंची असंख्य चित्रे इलेक्ट्रॉन-सूक्ष्मदर्शकाने घेऊन त्यांवरून आकृती सिद्ध करावी लागते. जॉन केंड्र्यू यांनी १९५८ साली मायोग्लोबिनची आणि मॅक्स पेरुट्झ यांनी १९६० साली हिमोग्लोबिनची संरचना प्रसिद्ध केली; १९६२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक या दोघांना मिळाले.

अशा संरचनांचा सार्वजनिक संग्रह १९७१ साली अमेरिकेतील ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत, केंब्रिज येथील स्फटिकविज्ञान-माहिती-केंद्राच्या सहकार्याने सुरू झाला. त्याचे नाव प्रोटीन डेटा बँक. आरंभी त्यात सात संरचना होत्या. जानेवारी २०२३ मध्ये त्यांची संख्या दोन लाखांवर गेली. २००३ पासून अमेरिका, युरोप व जपान येथील केंद्रे मिळून तो चालवितात. त्यातील माहिती कोणीही, कोणत्याही कामासाठी, विनामूल्य व विनाअट घेऊ शकतो.

या संग्रहातील एका नोंदीचे स्वरूप लक्षात घेण्याजोगे आहे. तीत प्रत्येक अणूला एक ओळ असते. अणूचा अनुक्रमांक, त्याचे नाव, तो कोणत्या अमिनो आम्लातला व कोणत्या शृंखलेतला, त्याचे अवकाशातील तीन निर्देशक, आणि त्याच्या स्थानाच्या अस्थिरतेचे मान, एवढे त्या ओळीत येते. मूळ लेखनपद्धती छिद्रित कार्डांच्या काळातली असल्यामुळे ओळ ८० घरांची आणि अनुक्रमांकासाठी पाचच घरे होती. परिणामी ९९,९९९ पेक्षा अधिक अणू असलेली संरचना एका नोंदीत मावत नसे, आणि रायबोसोमसारख्या प्रचंड रचनांच्या नोंदी तुकडे करून ठेवाव्या लागल्या. पुढे ही मर्यादा नसलेली नवी लेखनपद्धती रूढ झाली. लिपीने भाषेला बांधावे आणि भाषेने अखेर लिपी बदलावी, हा अनुभव आपल्या अभ्यासकांना अपरिचित नाही. मुद्दा असा की खुलेपणाची पहिली अट कुलूप नसणे ही नसून समान लेखन असणे ही आहे. दोन प्रयोगशाळांनी एकाच अणूला दोन नावे दिली असती, तर दोन लाख नोंदींचा ढीग झाला असता. संग्रह झाला नसता.

दुसरी अट पुराव्याची आहे, आणि ती समजण्यास पाठचिकित्सेचे उदाहरण उपयोगी पडेल. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत संपादकांनी निश्चित केलेली संहिता पानाच्या वरच्या भागात आणि हस्तलिखितांतील पाठभेद खाली दिलेले आहेत. वाचकाला संपादकाचा निर्णय मान्य नसेल, तर ज्या आधारावर तो निर्णय घेतला तो आधार त्याच पानावर त्याच्या पुढ्यात असतो. प्रथिनाच्या अणूंचे निर्देशक हीदेखील संपादित संहिताच होय. ती निसर्गाकडून जशीच्या तशी मिळत नाही. क्ष-किरणांच्या विवर्तनाची मूळ मापने हे तिचे हस्तलिखित. कित्येक वर्षे संग्रहात संहिता येई, हस्तलिखित येतेच असे नव्हते. २००८ पासून स्फटिकाधारित संरचनांसाठी मूळ मापनेही देणे सक्तीचे झाले. आता प्रत्येक नोंदीबरोबर तिच्या गुणदोषांचा अहवालही प्रसिद्ध होतो. त्या अहवालातील एक प्रमुख कसोटी मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन, सी. रामकृष्णन व व्ही. शशिशेखरन यांनी १९६३ साली मांडलेल्या आलेखाची आहे : शृंखलेच्या कण्यातील कोन कोणत्या मर्यादेत संभवतात हे तो आलेख सांगतो, आणि त्या मर्यादेबाहेर पडलेला अवयव संपादकाच्या चुकीची शंका उत्पन्न करतो. जगातील प्रत्येक नव्या प्रथिन-संहितेची परीक्षा आजही या भारतीय कसोटीवर होते.

३

हा खुलेपणा शास्त्रज्ञांच्या औदार्यातून आला, अशी एक समजूत आहे. इतिहास तसे सांगत नाही. संग्रह स्थापन झाल्यावर सुमारे दोन दशके निर्देशक जमा करणे हे ज्याच्या त्याच्या इच्छेवर होते. नियतकालिकांत संरचनेचे वर्णन व चित्रे छापली जात. निर्देशक मात्र लेखकाच्या टेबलाच्या खणात राहत. छापील जोडचित्रांवर मोजपट्टी लावून निर्देशक काढण्याच्या रीती विद्वानांना बसवाव्या लागल्या, यातच त्या काळाची स्थिती दिसते. संरचना ठरविण्यास वर्षानुवर्षे लागत. म्हणून फळ दुसऱ्याच्या हाती जाण्याआधी आपण चाखावे, ही भावना अस्वाभाविक नव्हती.

आंतरराष्ट्रीय स्फटिकविज्ञान संघाने १९८९ साली या विषयात धोरण जाहीर केले. तेही सावध होते : निबंध प्रसिद्ध झाल्यावर निर्देशक एक वर्षापर्यंत आणि मूळ मापने चार वर्षांपर्यंत राखून ठेवण्याची मुभा त्यात होती. त्या दशकाच्या अखेरीपासून नियतकालिके आणि संशोधनाला द्रव्य पुरविणाऱ्या संस्था जमा करण्याचा आग्रह धरू लागल्या, आणि नव्वदीच्या दशकाच्या शेवटी प्रमुख नियतकालिकांनी राखून ठेवण्याची मुभाही काढून घेतली. म्हणजे खुलेपणा हा अखेर संपादकीय नियम म्हणून स्थिरावला. ‘नोंद क्रमांक द्या, मग निबंध छापू’, एवढाच तो नियम. सद्भावनेला जे वीस वर्षांत साधले नाही ते या नियमाने साधले. ‘खुली’ या विशेषणाच्या अर्थात हा नियम अंतर्भूत आहे. तो वगळल्यास ते विशेषण केवळ शोभेचे उरते.

४

आता ‘मुळे’कडे वळू. औषधांच्या बाबतीत सर्वांत जुने व बोधप्रद उदाहरण एड्सच्या विषाणूचे आहे. या विषाणूची प्रथिने प्रथम एका लांब शृंखलेच्या रूपात तयार होतात, आणि प्रोटिएज हे विकर ती शृंखला ठरावीक जागी तोडते. विकर निकामी झाले तर विषाणूची पुढील पिढी संसर्गक्षम होत नाही. या विकराची संरचना मर्क कंपनीतील संशोधकांनी फेब्रुवारी १९८९ मध्ये प्रसिद्ध केली. त्याच वर्षीच्या ऑगस्टात अलेक्झांडर व्लोडावर व त्यांच्या सहकाऱ्यांनी रासायनिक रीतीने संश्लेषित केलेल्या त्याच विकराची संरचना प्रसिद्ध केली. तिच्यात सर्वच्या सर्व ९९ अमिनो आम्लांची स्थाने निश्चित झाली होती, आणि कित्येक महत्त्वाच्या तपशिलांत ती आधीच्या संरचनेहून भिन्न होती. विशेषतः विकराचे दोन समान अर्ध जेथे एकमेकांशी जुळतात तेथे. ही दुसरी संरचना सोडविताना कोंबड्यांत अर्बुद निर्माण करणाऱ्या राउस विषाणूच्या तशाच विकराची संरचना नमुना म्हणून वापरली होती.

या घटनेत तीन गोष्टी आहेत. एका विषाणूच्या संरचनेने दुसऱ्या विषाणूची संरचना सोडविण्यास साह्य केले. पहिल्या संहितेतील चूक सहा महिन्यांत दुसऱ्या संहितेने दुरुस्त केली. आणि ज्या भागात चूक होती तो भाग औषधयोजनेच्या दृष्टीने उपेक्षणीय नव्हता. चुकीच्या कुलुपासाठी कितीही कुशलतेने किल्ली घडविली तरी व्यर्थ. म्हणून संरचना उपलब्ध असणे हा उपयोगाचा निम्मा भाग आहे. ती खंडनयोग्य असणे हा उरलेला निम्मा.

डिसेंबर १९९५ मध्ये साक्विनाविर, आणि मार्च १९९६ मध्ये रिटोनाविर व इंडिनाविर या औषधांना अमेरिकेत मान्यता मिळाली, आणि अन्य औषधांच्या जोडीने त्यांनी एड्सच्या रुग्णांचे आयुष्य पालटले. ‘संरचनेमुळे’ हे झाले काय? येथे उत्तर तारतम्याने दिले पाहिजे. साक्विनाविरच्या मूळ कल्पनेत विकर जी शृंखला तोडते तिच्या अनुकरणाचा वाटा मोठा होता. त्यासाठी विकराची संपूर्ण घडी माहीत असणे अनिवार्य नव्हते. रिटोनाविरच्या पूर्वसूरी रेणूंची रचना मात्र विकराचे दोन अर्ध सममित आहेत या ज्ञानावर आधारलेली होती. शिवाय कंपन्यांच्या प्रयोगशाळांत सिद्ध झालेल्या अनेक संरचना सार्वजनिक संग्रहात कधीच आल्या नाहीत. तेव्हा संरचनेचा उपयोग आणि खुल्या संरचनेचा उपयोग या दोन भिन्न गोष्टी आहेत. मूळ विधान त्यांची गल्लत करते.

५

लसींच्या बाबतीत हा भेद अधिक स्पष्ट होतो. वाक्यविचाराच्या अभ्यासकाला परिचित असलेले एक वाक्य घेऊ : ‘मी चोराला पळताना पाहिले’. शब्द तेच, क्रम तोच. परंतु पळणारा चोर की पाहणारा, यानुसार वाक्याच्या दोन संरचना संभवतात. शब्दक्रम कितीही बारकाईने पाहिला तरी त्यातून निर्णय होत नाही. विषाणूंच्या पृष्ठावरील काही प्रथिनांची स्थिती अशीच आहे. एकाच शृंखलेच्या दोन घड्या होतात : विषाणू पेशीशी एकजीव होण्यापूर्वीची एक आणि त्यानंतरची दुसरी. पहिली अस्थिर असते, जराशा निमित्ताने ती दुसरीत कोसळते. शरीराने पहिली ओळखावयास शिकले पाहिजे, कारण येणाऱ्या विषाणूच्या अंगावर तीच असते.

लहान मुलांच्या श्वसनमार्गाला ग्रासणाऱ्या रेस्पिरेटरी सिन्सिशियल विषाणूच्या बाबतीत हा धडा फार मोठी किंमत देऊन मिळाला. १९६० च्या दशकात अमेरिकेत फॉर्मॅलिनने मारलेल्या विषाणूची लस बालकांना टोचण्यात आली. पुढे नैसर्गिक संसर्ग झाला तेव्हा लस घेतलेली बालके न घेतलेल्यांपेक्षा अधिक आजारी पडली, आणि दोन बालके दगावली. त्याची कारणे एकाहून अधिक होती. त्यांपैकी एक असे की त्या लसीतील प्रथिन बहुतांशी उत्तरावस्थेतले होते, आणि त्यावर शिकलेली प्रतिपिंडे विषाणूला रोखण्यास असमर्थ होती. २०१३ साली जेसन मॅक्लेलन, पीटर क्वाँग, बार्नी ग्रॅहम आदींनी या प्रथिनाची पूर्वावस्थेतील संरचना एका प्रतिपिंडाच्या आधाराने पकडली, आणि त्याच वर्षी काही अमिनो आम्ले बदलून ती अवस्था स्थिर करून दाखविली. या पूर्वावस्थेवर आधारलेल्या पहिल्या दोन लसींना अमेरिकेत मे २०२३ मध्ये मान्यता मिळाली. येथे ‘मुळे’ हा शब्द पूर्ण अर्थाने लागू पडतो : सुमारे पंचेचाळीस वर्षे अडलेले काम संरचना कळल्यावर सुटले.

हीच युक्ती करोना विषाणूंच्या काट्यासारख्या पृष्ठप्रथिनाला लावण्यात आली. मध्यपूर्वेतील मर्स या रोगाच्या विषाणूवर काम करताना संशोधकांच्या ध्यानात आले की शृंखलेतील एका सांध्यावर लागोपाठ दोन प्रोलिन बसविल्यास प्रथिन पूर्वावस्थेत टिकते. प्रोलिन हे अमिनो आम्ल ताठर असते. सांधा सरळ होऊन उत्तरावस्था येऊ पाहते तेव्हा ते आडवे येते. हे संशोधन २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. नव्या करोना विषाणूच्या काट्यात हे सांध्याचे स्थान ९८६ व ९८७ या क्रमांकांवर येते.

आता तारखा पाहू. नव्या विषाणूचा जनुकक्रम ११ जानेवारी २०२० रोजी जगापुढे आला. मॉडर्ना कंपनी व अमेरिकेची राष्ट्रीय आरोग्य संस्था यांनी लसीचा क्रम १३ जानेवारी रोजी निश्चित केला. नव्या काट्याच्या संरचनेचा निबंध १९ फेब्रुवारीस प्रसिद्ध झाला. लसीची आखणी संरचनेच्या पाच आठवडे आधी झाली होती! म्हणजे नव्या विषाणूच्या संरचनेमुळे ती लस आखली गेली हे म्हणणे कालविपर्यासाचे आहे. ती आखली गेली जुन्या विषाणूंच्या संरचनांमुळे, ज्यांच्याकडे त्या काळी थोड्यांचेच लक्ष होते. संग्रहाचे खरे मोल येथे आहे. संग्रहातील कोणती नोंद उद्या उपयोगी पडेल हे नोंद करताना कोणाला ठाऊक नसते. म्हणूनच निवड न करता सर्व ठेवावे लागते.

परंतु आणखी एक गोष्ट नोंदविली पाहिजे. ही आखणी करणाऱ्यांत मर्सच्या संरचनेवर काम केलेले संशोधकच होते. त्यांना ते ज्ञान मिळविण्यासाठी सार्वजनिक संग्रह उघडावा लागला नाही. ते त्यांच्या हातचेच होते. त्या ज्ञानाचा प्रसार अन्य लस-निर्मात्यांपर्यंत झाला तो निबंध, नोंदी आणि परवाने या सर्वांच्या द्वारे. फायझर व बायोएन्टेक, जॉन्सन अँड जॉन्सन, आणि नोव्हाव्हॅक्स यांच्या लसींतही तेच दोन प्रोलिन आहेत.

‘मुळे’ची दुसरी कसोटी ‘शिवाय’ या शब्दाने घेता येते : संरचनेशिवाय लस झालीच नसती काय? याचे उत्तर महाराष्ट्रातील वाचकाच्या स्वतःच्या दंडावर आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी कोविशील्ड घेतली, काहींनी कोव्हॅक्सिन. ऑक्सफर्ड येथे आखलेल्या आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेल्या कोविशील्डमध्ये काट्याचे प्रथिन त्या दोन प्रोलिनांवाचून, मूळ रूपातच आहे. कोव्हॅक्सिन ही तर पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत वेगळा केलेला विषाणू संपूर्ण मारून बनविलेली, जुन्या धर्तीची लस. दोन्हींनी काम केले. उलटपक्षी, डिसेंबर २०२१ मध्ये भारतात आपत्कालीन मान्यता मिळालेल्या सीरमच्याच कोव्होव्हॅक्समध्ये स्थिर केलेले प्रथिन आहे. तेव्हा संरचनेचे ज्ञान ही लसीची अनिवार्य अट नव्हती. काही लसींच्या गुणवत्तेची ती अट होती. विधानाची व्याप्ती इतकी आकुंचित केली म्हणजे ते सत्य ठरते, आणि त्याची प्रतिष्ठाही कमी होत नाही.

६

खुलेपणाचा प्रत्यक्ष परिणाम पाहावयाचा असेल तर तो २०२० मधील औषधशोधात पाहावा. शांघाय येथील राव झिहे यांच्या गटाने नव्या विषाणूच्या मुख्य प्रोटिएजची संरचना ५ फेब्रुवारी २०२० रोजी संग्रहात खुली केली. तिच्यावरचा निबंध एप्रिलमध्ये प्रसिद्ध झाला. निबंधाच्या आधी संहिता देणे हे १९८९ च्या धोरणाच्या नेमके उलट होते. इंग्लंडमधील डायमंड किरणकेंद्रात या विकराला चिकटणारे सत्तरांहून अधिक लहान रेणू शोधण्यात आले, आणि ती माहितीही निबंधाची वाट न पाहता उघड करण्यात आली. तिच्या आधाराने नाना देशांतील रसायनज्ञांनी नव्या रेणूंच्या कल्पना सुचविल्या, आणि त्या संयुक्त प्रयत्नाचा वृत्तांत २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. जपानमध्ये शिओनोगी कंपनीने खुल्या संग्रहातील संरचनेवर संगणकीय चाळणी करून ज्या रेणूपासून आरंभ केला त्यातून एन्सिट्रेल्विर हे औषध निघाले. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याला तेथे आपत्कालीन मान्यता मिळाली.

मात्र सर्वांत आधी मान्य झालेले अशा जातीचे औषध, म्हणजे डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेत अनुमती मिळालेले निर्माट्रेल्विर, याची पूर्वपीठिका वेगळी आहे. सार्सच्या २००२-०३ च्या साथीच्या वेळी फायझर कंपनीने त्या विषाणूच्या विकरासाठी रेणू तयार केले होते; साथ ओसरल्यावर ते काम थांबले. २०२० मध्ये तेथूनच पुन्हा प्रारंभ झाला. येथे जुन्या नोंदीचा उपयोग झाला हे खरे, पण ती नोंद कंपनीच्या बंद दप्तरातली होती. जतन करणे आणि खुले करणे हे दोन वेगळे गुण आहेत. पहिल्यावाचून दुसरा संभवत नाही, पण पहिला एकटाही फळ देऊ शकतो.

खुलेपणाची एक अनिष्ट बाजूही त्या वर्षी दिसली. संरचना हाती येताच तिच्या खाचेत संगणकावर नाना रेणू बसवून पाहणाऱ्या निबंधांचा जगभर पूर आला. आपल्या देशातील पदव्युत्तर विभागही त्यात मागे नव्हते. त्यांतील बहुसंख्य निष्कर्षांची प्रयोगाने कधी परीक्षा झाली नाही. शब्दकोश खुला झाला म्हणून प्रत्येक जुळणी वाक्य होत नाही. हा दोष संग्रहाचा नव्हे, उपयोग करणाऱ्यांचा. पण खुलेपणाच्या लाभांची गणना करताना तोही हिशेबात धरला पाहिजे.

७

खुल्या माहितीतून खुले औषध निघते असे मात्र नाही. दोन प्रोलिनांच्या युक्तीवर पेटंट आहे; तिच्या परवान्यापोटी मॉडर्ना कंपनीने डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेला ४० कोटी डॉलर दिले. उलट, टेक्सास विद्यापीठात सहा प्रोलिन बसवून सिद्ध केलेले सुधारित प्रथिन अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील निर्मात्यांना स्वामित्वशुल्काशिवाय वापरू देण्यात आले. दोन्ही युक्तींमागची संरचना सारखीच खुली होती. व्याकरण सर्वांचे असते, ग्रंथ ग्रंथकाराचा. ग्रंथाची किंमत व्याकरण ठरवीत नाही. औषध गरिबाला मिळेल की नाही हा निर्णय संग्रहाबाहेर, कायद्यात व करारांत होतो. त्याचे श्रेय अथवा दोष संग्रहाला देणे सारखेच चूक आहे.

परंतु जेथे ज्ञानाचा दावा छापला जातो तेथे आधार मागण्याचा अधिकार सोडता कामा नये, आणि आज धोका येथेच आहे. शृंखलेच्या क्रमावरून घडीचा अंदाज करणारी आल्फाफोल्ड ही संगणकीय प्रणाली या सार्वजनिक संग्रहावरच शिकलेली आहे; तिच्या कर्त्यांना २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग मिळाला. २०२१ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आज्ञावलीसह प्रसिद्ध झाली होती. मे २०२४ मध्ये तिसरी आवृत्ती एका अग्रगण्य नियतकालिकात आज्ञावलीवाचून छापली गेली. शास्त्रज्ञांनी निषेध केल्यानंतर त्या वर्षीच्या नोव्हेंबरात ती, विद्याविषयक उपयोगापुरती मर्यादित करून, देण्यात आली. ज्या संपादकीय नियमाने संग्रह वाढविला, तोच नियम संग्रहाच्या सर्वांत मोठ्या लाभार्थ्यासाठी एका संपादकाने शिथिल केला. यावर उपाय म्हणून संग्रहालाच अटी घालाव्यात, हे मत आम्हांस ग्राह्य वाटत नाही. अणूंच्या स्थानांवर कोणाचीच मालकी नसावी. अट छापण्याला असावी, घेण्याला नव्हे.

या विवेचनाचा निष्कर्ष असा. ‘मुळे’ हा शब्द काही लसींना व औषधांना पूर्णांशाने, काहींना अंशतः लागू पडतो. काहींना मुळीच लागू पडत नाही. ‘खुली’ या शब्दाचा अर्थ समान लेखन, तपासता येणारा पुरावा, निवड न करता केलेले जतन, आणि हे सर्व घडवून आणणारा संपादकीय नियम, असा चतुर्विध आहे. यांतील शेवटचा घटक सर्वांत कमी सांगितला जातो, आणि बाकीचे तीन त्यावरच उभे आहेत.

आता अखेरचा मुद्दा. आपल्या पत्रिकेत बोलींवरील निबंध नियमाने प्रसिद्ध होतात. त्यांत ध्वनिव्यवस्थेची कोष्टके असतात, निष्कर्ष असतात. ज्या उच्चारांवरून ते काढले ते ध्वनिमुद्रण मात्र वाचकाला मिळत नाही. म्हणजे संहिता छापतो, हस्तलिखित दाखवीत नाही. डेक्कन कॉलेजने मराठी बोलींच्या सर्वेक्षणाची सामग्री सर्वांसाठी उपलब्ध करून या बाबतीत पाऊल टाकलेले आहे. विभागाविभागांतून होणारे संशोधन अजून त्या मार्गाने गेलेले नाही. प्रस्तुत लेखकही याला अपवाद नाही. त्याच्या प्रबंधासाठी मुद्रित केलेले बोलीचे नमुने त्याच्या घरच्या कपाटात आहेत. त्यांवरून काढलेले निष्कर्ष तेवढे ग्रंथालयात आहेत. त्या निष्कर्षांत चूक असेल, तर ती दाखविण्याचे साधन त्याने कोणाच्याही हाती ठेवलेले नाही. ज्यांचे आवाज त्या फितींवर आहेत त्यांतील कित्येक वृद्ध होते.

प्रथिनाची अनुमती घ्यावी लागत नाही. माणसाची घ्यावी लागते. खाजगी संभाषणे, नावे, घरगुती प्रसंग वगळावे लागतील, आणि वक्त्याने नकार दिल्यास तो मानावा लागेल. तेवढी मर्यादा पाळूनही पुष्कळ काही जमा करता येईल. म्हणून संपादक मंडळापुढे सूचना अशी : पुढील वर्षापासून बोलीसामग्रीवर आधारलेला कोणताही निबंध, त्या सामग्रीचा अनुमतिप्राप्त भाग ठरलेल्या एकाच लेखनपद्धतीत विभागाच्या ग्रंथालयात जमा झाल्याची नोंद असल्याशिवाय, या पत्रिकेत छापू नये. नोंद-क्रमांक एकपासून सुरू व्हावयास हवा. प्रस्तुत लेखक आपली सामग्री त्यासाठी देण्यास बांधलेला आहे.